दीड वेढ्याची वाट

सखाहरी गवंड्यानं हातातली थापी पाण्याच्या बादलीत सोडली, तीही अशा बेतानं की आवाज होऊ नये. गोदूआत्या निरांजनाचं ताट घेऊन उभी होती. वारा आला की ज्योत आडवी होई आणि आत्या तिच्याभोवती तळव्याचा आडोसा धरी. आणि आम्हा तिघांच्या मधोमध, चाकांच्या खुर्चीत बसून, अण्णा माझ्या बागेकडे पाहत होते.

बाग खरं तर त्यांची. नकाशा त्यांनी काढलेला, मी फक्त ती उभी केली. पण सतरा दिवस माती उपसली की माणसाच्या तोंडी 'माझी' येतंच. परसाच्या मधोमध पुरुषभर उंचीचा मातीचा उंचवटा, त्याला गोगलगायीच्या शंखासारखी वेढत वर चढणारी वाट, वाटेच्या आतल्या अंगाला कमरेइतकी उंच, नदीतल्या गोट्यांची भिंत, आणि भिंतीच्या माथ्यावर झाडं. खाली पांढरी तगर, मग अबोली, मग गुलबक्षी. रंग चढत्या क्रमानं गडद होत गेलेले. वाट दीड वेढा घेऊन माथ्यावर पोहोचायची. तिथं तुळस.

"अण्णा, आवडली?" मी शेवटी विचारलं.

त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला. डावीकडे हवेत गेला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. जणू अंधाऱ्या खोलीत ते दिव्याचं बटण चाचपडत होते. मग हात मांडीवर पडला.

"अरे श्रीपू, काही तरी बोल रे," आत्या म्हणाली. ती त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. "निदान 'उद्या' तरी म्हण."

अण्णांनी चाकाला डाव्या हाताचा रेटा दिला. एका हातानं ढकललेली चाकांची खुर्ची पुढं जात नाही, जागच्या जागी वळते. ती वळली, आणि अण्णांची पाठ आमच्याकडे झाली.

ह्याला आता बावीस वर्षं झाली. पण त्या पाठीवरचा, खुर्चीच्या पट्ट्यानं चुरगळलेला पांढरा सदरा मला अजून घडीसकट आठवतो.

वैशाखातल्या एका दुपारी अण्णांच्या मेंदूतली एक शीर बंद पडली, आणि तासाभरात त्यांचा उजवा देह आणि सगळी भाषा गेली. भाषेतला एक शब्द तेवढा मागं राहिला: 'उद्या'. चहा घेता का? उद्या. पाय दुखतो का? उद्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यात अर्थ शोधू नका. घर जळून गेल्यावर राखेत एखादं भांडं शाबूत सापडतं ना, तसा तो सापडलाय. आत्याचं निदान निराळं होतं.

"चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतास. शेतकरी विचारायला यायचे, साहेब, पाणी कधी सुटणार? काय सांगायचास? तोच शब्द घासून घासून पक्का बसला बघ तुझ्या जिभेवर."

अण्णा हसले होते. डाव्या अर्ध्या ओठांनी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. मराठी घेऊन एम.ए. केलेलं, पुण्यात एका मासिकाची मुद्रितं तपासत होतो, रात्री कविता लिहीत होतो. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणं हा माझा पेशा होता आणि, तरुणपणी वाटतं तसं, मला तो माझा स्वभावही वाटत असे. बिनपगारी रजा घेऊन मी अकोल्याला आलो. आपलं, प्रवरेकाठचं अकोले. आई मी शाळेत असतानाच गेलेली. घरात अण्णा, आत्या आणि मी.

पहिल्या दोन महिन्यांत पायात थोडी शक्ती आली. आषाढातल्या एका सकाळी, आम्ही दोघं स्वयंपाकघरात असताना, अण्णा भिंतीला डावा हात लावून आपले आपण खोलीतून निघाले. दारापाशी भिंत संपली. पलीकडची चौकट अडीच हातांवर होती. तेवढ्या अंतरात ते पडले.

त्यानंतर पाऊल बंद. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. तेवढ्यापुरतं मला उचलू देत; पण चालवायला म्हणून मी काखेत हात घातला की डाव्या हातानं दूर लोटत. आत्याचा हात चालेना, वॉकर चालेना, काठी तर त्यांनी खिडकीतून फेकून दिली. संगमनेरहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट शाहीन मॅडम मला अंगणात घेऊन म्हणाल्या, "पाय तयार आहे त्यांचा. पण ते कुणाला धरू देत नाहीत, आणि एकटे उठत नाहीत. गणपतीपर्यंत चालले तर चालले. गुडघा एकदा आखडला की मग मीपण काही करू शकणार नाही."

मग काय होणार, हे मला ठाऊक होतं. सत्तरीतली आत्या त्यांना उचलू शकत नव्हती. माझी रजा संपत आलेली. नाशिकच्या एका शुश्रूषागृहाचा पत्ता माझ्या कवितेच्या वहीत, शेवटच्या पानावर लिहिलेला होता.

शाहीन मॅडमनीच त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. अण्णांनी वेटोळी काढायला सुरुवात केली.

"जिलबी मागतोय," आत्या म्हणाली.

जिलबी आणली. त्यांनी ती बाजूला सारली आणि पेन्सिलीनं कपाटाखालच्या ट्रंकेकडं खूण केली. ट्रंकेत त्यांच्या नोकरीतल्या ट्रेसिंग कागदाची एक जुनी गुंडाळी होती. तीवर चार दिवस ते डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, एक नकाशा काढत बसले. रेघ थरथरायची, पण नकाशा पक्का होता: परसाच्या सीमा, विहीर, मधोमध दीड वेढ्याचं वेटोळं. आतल्या रेघेवर ओळीनं बारीक खुणा. कडेला इवली इवली पानं. माथ्यावर एक छोटं वर्तुळ. आणि वाटेच्या रुंदीपाशी आकडा: तीन.

"आत्या, बाग आहे ही!" मी ओरडलोच. तीन महिन्यांत अण्णांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

आत्यानं चष्मा नाकावर ढकलून नकाशा पाहिला, बोटानं वाट गिरवली, आणि तिचं बोट थांबलं.

"ही उलटी आहे रे, निळू. आत जाताना झाडं डाव्या हाताला येतात. देवळात कशी आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो? ही अप्रदक्षिणा झाली. असं फक्त चितेभोवती फिरतात."

"अगं, बाग आहे ती."

"असेना. वर तुळस लावणार ना? मग तुळशीला उलटं फिरायचं? मी जिवंत आहे तोवर ह्या परसात असली फेरी व्हायची नाही."

मला तिचं पटलं नव्हतं. पण दुसरंच काही पटलं. डॉक्टर म्हणाले होते की अण्णांचा डाव्या-उजव्याचा गोंधळ होऊ शकतो. लहान मुलं डाव्या हातानं अक्षरं काढू लागली की ती आरशातल्यासारखी उलटी येतात. मुद्रितशोधकाला चूक सापडल्याचा एक गुप्त आनंद असतो; तो मला झाला. मी ट्रेसिंगचा कागद पालथा केला. आरपार दिसणाऱ्या कागदात वाट आपोआप सुलटी झाली. 'तीन'चा आकडा तेवढा पाठमोरा उभा राहिला, आणि मला त्याचंही हसू आलं.

त्या आकड्याची मी आणखी एक दुरुस्ती केली. एका माणसाच्या वाटेला तीन फूट कशाला? दोन केले. वाचलेल्या एका फुटात फुलं.

अण्णांची खोली घराच्या पुढच्या अंगाला, परस मागं. पुरी झाल्यावरच दाखवायची असं आत्यानं ठरवलं होतं. त्यांना कुदळीचे आवाज ऐकू येत, ट्रॉलीतून माती ओतल्याचे आवाज ऐकू येत. संध्याकाळी मी चिखलाच्या पायांनी आत आलो की ते भुवई उंचावून विचारत, "उद्या?" त्या एका प्रश्नाला तो शब्द चपखल बसत असे.

"उद्या नाही, अण्णा. रविवारी."

आत्यानं त्या दिवसांत आपल्या फडताळातून एक पुरचुंडी काढली. लहानपणी ती आणि श्रीपू ज्या कवड्यांनी सारीपाट खेळत, त्या कवड्या.

"ह्या भिंतीत बसव रे, सखाहरी. वाटेकडच्या अंगाला, हाताला लागतील अशा."

"कवड्या कशापायी, आत्याबाई?"

"बाग काय नुसती खतावर वाढते? थोडी जादू लागते."

सखाहरीनं ओल्या गिलाव्यात त्या एकेक करून दाबल्या. उन्हं तिरपी झाली की त्या भिंतीतून डोळे उघडल्यासारख्या चमकत. मी तगर लावताना स्वतःशीच म्हणालो होतो की कागदावर आजवर न साधलेली कविता ही इथं मातीत साधली.

आणि रविवारी अण्णांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

पुढचे आठ दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शाहीन मॅडम आल्या, गुडघा वाकवू पाहिला, आणि माझ्याकडे पाहून त्यांनी नुसतीच मान हलवली. 'उद्या' हा शब्दही त्या आठ दिवसांत घरात ऐकू आला नाही. आत्यानं दृष्ट काढली, मिठमोहऱ्या चुलीत टाकल्या, आणि मग एका दुपारी, ताक घुसळता घुसळता, मला म्हणाली, "काय ते बोलून टाक. तुझ्या तोंडावर चार दिवस काही तरी लिहिलेलं दिसतंय."

मी नाशिकचं सांगितलं. स्वच्छ आहे, नर्सेस आहेत, महिन्याला मी येत जाईन.

आत्याची रवी थांबली नाही. "दोन खाटा मिळतील का विचार. मीही पडतेच अधूनमधून."

"आत्या, चेष्टा करू नकोस."

"मी चेष्टा करत नाही, निळू. मी लोणी काढतेय." तिनं रवीवरचं लोणी बोटानं निपटलं. मग, माझ्याकडे न पाहता, "बागेत नेमकं काय चुकलं रे? मी त्याला जन्मापासून ओळखते. तो रागावला नव्हता. त्याच्या हातातून काही तरी काढून घेतल्यासारखा दिसत होता."



दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता. माथ्यावरची तुळस पाण्यानं कुजू लागली होती, म्हणून तिच्या जागी नवी लावायला मी उजव्या कडेवर कुंडी घेऊन वाट चढू लागलो. वळणावर निसरड्या मातीवरून पाय सरकला. उजवा हात कुंडीत गुंतलेला. डावा हात आपणहून बाहेर फेकला गेला, आधार शोधत, आणि तिथं काही नव्हतं. भिंत उजव्या अंगाला होती. डावीकडे नुसती हवा. मी कुंडीसकट खालच्या तगरीत जाऊन आदळलो.

मागच्या दारातून आत्याचं हसू ऐकू आलं. "लागलं का रे? फुलांना?"

मला उठवेना. लागलं नव्हतं फारसं. पण माझा डावा हात अजून हवेतच होता. बोटं उघडत होती, मिटत होती. आणि हा हात मी आधी पाहिलेला होता.

तसाच, चिखलानं माखलेला, मी आत धावलो आणि ट्रेसिंगचा कागद काढला. ह्या वेळी पालथा न करता, त्यांनी जसा काढला तसा, खिडकीच्या काचेवर धरला. भिंत डाव्या हाताला आली. शाबूत हाताला. आतल्या रेघेवरच्या बारीक खुणा मी झाडांमधलं अंतर समजून तिथं तिथं रोपं लावली होती. आता मोजल्या: अठ्ठावन्न. प्रत्येकीत सव्वा फुटाचं अंतर. पण ते अंतर झाडांचंच असेल असं नव्हतं. तेवढं अंतर म्हातारं माणूस एका पावलात कापतं.

आमच्या घरातली सर्वांत लांब भिंत नऊ फुटांची होती. मग दार, मग कपाट, मग पुन्हा दार. प्रत्येक भिंत कुठं ना कुठं तुटतेच. अण्णांनी सत्तर-बहात्तर फुटांची, एकाही दारानं न तुटणारी भिंत आखली होती, आणि ती गुंडाळून पंचवीस फुटांच्या परसात बसवली होती. त्यांना बाग नको होती असं नाही. पानं त्यांनी स्वतः काढली होती. पण आधी त्यांना भिंत हवी होती. कोणाचाही हात नको होता, म्हणून भिंत.

मी कागद त्यांच्या पलंगावर, त्यांच्या तोंडासमोर धरला.

"अण्णा, मी तो पालथा धरला होता."

त्यांनी मान वळवली. कागद पाहिला, माझ्या कपाळावरचा चिखल पाहिला. मग त्यांचा डावा हात वर आला आणि माझ्या डोक्यात एक टपली बसली. लहानपणी गणितात वजाबाकीच्या जागी बेरीज केली की बसायची, तशी. "उद्या," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी ऐकलेल्या त्या आवाजानं दारातली आत्या मटकन खाली बसली.

सगळं समजावून सांगितलं तरी आत्याचा पाय उंबऱ्यापाशी अडलेलाच होता.

"त्याला हात डावीकडे लागतो हे कळलं मला. मी काय दगड आहे? पण ती फेरी, निळू... जे वाईट म्हणून ठरलंय ते त्याच्याभोवती कसं फिरवू मी?"

मी वाद घातला नाही. पाऊस थांबला होता. परसात उभ्या उभ्या तिची नजर भिंतीवर गेली. रात्रीच्या ओलीनं गोगलगायी बाहेर पडल्या होत्या. गोट्यांवरून त्यांच्या रुपेरी रेघा वर वर गेल्या होत्या. आत्यानं एक गोगलगाय उचलून तळहातावर घेतली. तिच्या पाठीवरच्या शंखाच्या तोंडाशी करंगळीचं नख टेकवलं आणि वेढ्यावरून ती ते आत आत नेऊ लागली. थांबली. दुसरी उचलली. मग तिसरी.

"कागद आण रे तो."

मी आणला. तिनं गोगलगाय कागदावर ठेवली. दोन्ही वेटोळी एकाच बाजूला वळत होती.

"सगळ्या अशाच?"

"ह्या तरी सगळ्या अशाच दिसताहेत."

"म्हणजे ही बया जन्मभर उलटी फेरी पाठीवर घेऊन हिंडते," आत्या म्हणाली, "आणि देवानं तिला काही केलं नाही." तिनं गोगलगाय अलगद भिंतीवर ठेवली. "आणि हे बघ. आत जाताना उलटी, तर बाहेर येताना सुलटी होणारच की. शेवटाला तर तो प्रदक्षिणाच घालून येणार. बोलाव सखाहरीला."

सखाहरी आला, त्यानं कपाळाला हात लावला. "पाडायची? आवं, आत्ताशी कुठं धरलंय तिनं! नकाशा बदलला का सायबांनी?"

"नाही. आम्ही वाचायला चुकलो."

ह्या खेपेला अण्णा पहिल्या दिवसापासून परसात होते. खुर्चीत, मांडीवर नकाशा, डोक्यावर आत्यानं खुर्चीला बांधलेली छत्री. खुंटी त्यांनी ठोकवून घेतली, तिला दोरी गुंडाळून वेढा आखवून घेतला. दगड चुकीचा बसला की "उद्या!" नीट बसला की लांबवलेलं "उद्याऽ". आठवड्याभरात त्या एका शब्दाचे सात अर्थ सखाहरीला कळू लागले. मला एम.ए.च्या दोन वर्षांत एवढं काही कळलं नव्हतं. कवड्या आत्यानं स्वतः बसवल्या, डाव्या अंगाला.

फक्त रुंदीवरून खटका उडाला.

"अण्णा, दोन फूट पुरेत. माती कमी पडतेय."

त्यांनी तीन बोटं दाखवली.

"अहो, पण एकटे तुम्ही. तीन फूट करायचेत काय?"

तीन बोटं. मग त्यांनी ती माझ्या नाकासमोर आणून धरली.

"कर बाबा," आत्या म्हणाली. "एकदा शहाणपणा करून झालाय ना तुझा?"

ऋषिपंचमीच्या सकाळी ऊन पडलं. खुर्ची वाटेच्या तोंडाशी नेली, चाकांचे ब्रेक लावले. अण्णांनी मला हातानं खूण केली: दूर. मी चार पावलं मागं सरलो. आणखी दूर. मी विहिरीपाशी गेलो.

त्यांनी डावा तळवा भिंतीवर टेकवला. बराच वेळ नुसता टेकवून ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. मग ते उठले. गुडघे थरथरले, देह उजवीकडे कलला, सावरला. पहिलं पाऊल डावं. उजवा पाय मातीत अर्धवर्तुळ काढत मागून आला. तळवा वीतभर पुढं सरकला. दुसरं पाऊल.

"तीन," आत्या पुटपुटली. "चार."

पाचव्या की सहाव्या पावलाला त्यांच्या बोटांना कवडी लागली. ते थांबले. अंगठा तिच्या पाठीवरून फिरला. त्यांनी वळून आत्याकडे पाहिलं नाही, पण आत्यानं मोजणं सोडून पदर तोंडाशी नेला.

मग वाट वळली आणि ते उंचवट्याच्या पलीकडे दिसेनासे झाले.

आता फक्त ऐकणं उरलं. पायाचा ठोका, मग फरफट. ठोका, फरफट. मी धावू नये म्हणून विहिरीचा कठडा धरून उभा होतो. ठोका. फरफट. ठोका.

मग काहीच नाही.

"निळू," आत्या म्हणाली.

"थांब."

"अरे, तो..."

"थांब, आत्या."

कुठं तरी साळुंकी बोलत होती. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी मनात त्यांच्या नकाशावरच्या खुणा मोजू लागलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग फरफट आली. नंतर ठोका आला. मग गुलबक्षीच्या पानांवर त्यांचं पांढरं डोकं दिसलं, घामानं भिजलेलं, उंच. आमच्या डोक्यांहून कितीतरी उंच.

माथ्यावर, जिथं नकाशात छोटं वर्तुळ होतं, तिथं ह्या वेळी तुळस नव्हती. सखाहरीनं एक सपाट दगड बसवला होता. अण्णा त्यावर बसले. घरं, कौलं, लांबवर प्रवरेची वळणं. चार महिने जे त्यांनी पाहिलं नव्हतं ते सगळं पाहत बसले. आत्या खाली मातीत बसून मोकळ्या गळ्यानं रडत होती आणि मध्येच मला सांगत होती की ती रडत नाहीये.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना उतरायचं आहे.

मी वाट चढून वर गेलो. उतरताना भिंत उजवीकडे येणार होती, लुळ्या हाताला. डावीकडे उघडी कड. चढणं आखणाऱ्या माणसानं उतरणं आखलं नसेल असं शक्य नव्हतं. तरी मला काही दिसेना. मी त्यांच्यासमोर नुसता उभा राहिलो. काखेत हात घालायचं धाडस झालं नाही.

अण्णा उठले. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला वळवलं आणि उघड्या कडेच्या बाजूला उभं केलं. मग त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. जड, उबदार, भिंतीवर टेकवला होता तसाच निर्धास्त.

आम्ही उतरू लागलो. त्यांच्या उजव्या कोपराला भिंत लागत होती. माझ्या डाव्या पायापाशी कड होती. दोन माणसं, खांद्याशी खांदा, नेमकी मावत होती. दोन फुटांत मावली नसती. थरथरत्या हातानं त्यांनी काढलेल्या त्या 'तीन'मध्ये एक फूट ऐवज माझ्यासाठी धरलेला होता, आणि मी तो फुलांना देऊन बसलो होतो.

बाहीनं डोळे पुसल्यावरच मला पुढची वाट दिसली.

खाली आत्या गुळाचा खडा घेऊन उभी होती. तिनं तो त्यांच्या तोंडात घातला, मग माझ्या, आणि बोटाला उरलेला गूळ स्वतः चाटला. "दमलास का रे, श्रीपू?" तिनं विचारलं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, श्वास फुलला होता, उजवा पाय थरथरत होता. मी खुर्चीचे ब्रेक सोडले आणि ती त्यांच्यामागं आणून लावली.

"बसा आता, अण्णा. पुष्कळ झालं आजच्याला."

माझ्या खांद्यावरचा हात निघाला. मला वाटलं, ते खुर्चीची दांडी धरतील. पण ते हळूहळू, पाय जुळवत, उलटे वळले आणि तळवा पुन्हा भिंतीवर टेकला.

"अहो, पुन्हा? मी येऊ का बरोबर?"

ते चालू लागले होते. ठोका, फरफट, ठोका, फरफट. बोटं एका कवडीवरून पुढच्या कवडीकडे सरकत होती, आणि पाठीवरचा भिजलेला सदरा बघता बघता वळणाआड गेला.